आईची अंगठी सुखरूप आहे

मु. जोयडा, बुधवार

प्रिय शांते,

मोठ्या बहिणीचा आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? (माझे बरे नाहीत; तू विचारले नाहीस म्हणून सांगते.) फोनवर तू मध्येच बोलतेस, म्हणून पत्र. आईची अंगठी सुखरूप आहे आणि तुझ्या अंकिताच्या साखरपुड्याला तिच्या बोटात असेल, हे आधीच लिहिते, म्हणजे बाकीचे तू शांतपणे वाचशील.

माझा जुना विद्यार्थी प्रशांत (गणितात कायम नापास, म्हणून आता सुपा धरणाच्या पाण्याकाठी त्याचे रिसॉर्ट आहे) गेल्या आठवड्यात आला. शनिवारी बेंगळुरूच्या बारा बड्या लोकांसाठी खास जेवण, दारातच फोन काढून घेणार. "टीचर, शाळेत रुमालाची जादू करायचा न्हवं? तेवढी करा की." कॉन्व्हेंटातल्या सिस्टर फिलोमिनाने शिकवलेल्या दोनच गोष्टी माझ्यापाशी टिकल्या, ताठ बसणे आणि अंगठी गायब करणे. टीव्हीसमोर एकटीने जेवण्यापेक्षा बरे, असे वाटले. चुकले.

पाहुण्यांपैकी एकही अंगठी देईना. एक बाई तर मूठ मिटून बसली, जणू मी तिचा दात मागितला. शेवटी माझ्याच बोटातली, म्हणजे आईची, काढली. बेत असा, की रुमालाखालून अंगठी स्वयंपाकीण पुतळीच्या हातात जायची, तिने ती उकडलेल्या कोनफळात खुपसायची आणि ते मी टेबलावर कापायचे. "सगळ्यात मोठे घे," असे मीच तिला बजावले होते. (दिसायला बरे म्हणून.)

कोनफळ आले. कापले. काही नाही. दुसरे कापले. चौदा कोनफळे कापली, शांते, आणि प्रशांत घामाघूम. शेवटी कोणीतरी म्हणाले की अंगठी खरोखरच गायब झाली, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. छत्तीस वर्षे शिकवून मला टाळ्या मिळाल्या त्या याच.

स्वयंपाकघरात पुतळी कपाळाला हात लावून बसलेली. "बाई, मोठं ते आमच्या ह्यांनी भायर न्हेलं. पयलं पान राखणदाराचं. त्याला मोठंच द्यायचं असतंय." (हे म्हणजे तिचा नवरा लखू. रानाच्या राखणदाराला वाढल्याशिवाय तो माणसांना वाढू देत नाही.)

"मग आण जा परत!"

"दिल्यालं?" असे म्हणून तिने माझ्याकडे पाहिले, आणि मी सिस्टरसमोर उभी असल्यासारखी ताठ झाले. असल्या गोष्टी मी मानत नाही, हे तुला ठाऊक आहे.

तुझी,
राजेश्वरीअक्का

ता. क. सुखरूप म्हटले ते खरेच आहे. कोनफळ रानडुकराने खाल्ले. अंगठी राखणदाराच्या झाडाखालच्या दगडावर उघडी पडली आहे. चार दिवस येणारेजाणारे बघतात, कोणी हात लावत नाही.

पुन्हा ता. क. पुतळी म्हणते, जिची वस्तू तिने नारळ ठेवून मागावी. मी म्हटले, आईने ती आम्हा दोघींना दिली. "मग दोघींनी या की!" तुझे भावोजी गेल्यापासून तू इथे आलेली नाहीस. पुढच्या रविवारी कॅसलरॉकला उतर, प्रशांत जीप पाठवील.

आणखी एक, कुणाला सांगू नकोस. मी रोज सकाळी तिथे जाते, वाकते, आणि हात पुढे होत नाही. नारळ बेळगावहूनच आण. सगळ्यात मोठा.