हिरव्या दोऱ्याचं धोतर

१४ मे

…सडा टाकला, शेळीला पाणी दाखवलं, पऱ्हाटी मोडून चुलीशी रचली, सलोनीला चहा दिला. परवाची सकाळ अशीच होती, रोजच्यासारखी. मग ह्यांची पेटी उघडली. हे गेल्यापासून तिला हात लावला नव्हता. वाटलं होतं, रडू येईल. आलं नाही. कात्री घेतली आणि कामाला लागले.

सुरभीने फोनवर मागितलं होतं. माझी पोरगी आफ्रिकेत आहे, मलावीत. मिशनच्या बालगृहात नर्स. मायबाप नसलेली लेकरं सांभाळते. गावात अजून विचारतात, बाटली का? मी म्हणते, नर्स आहे. "माय, तुह्या हातच्या गोधड्या पायजे," ती म्हणाली. "इथं जूनमध्ये लय थंडी पडते. विकतचं लेकराईले टोचते."

माझी मऊ लुगडी मी आधीच बाजूला काढली होती — सुनेच्या, सलोनीच्या येणाऱ्या बाळासाठी. मग तिकडच्यांसाठी काय? ह्यांची धोतरं होती.

शेजारची तानाबाई येऊन बघत उभी राहिली. "काहून वं, गेलेल्या माणसाचं कापड लेकराच्या अंगावर घालतात काय?"

"सलोनीच्या नाही. सुरभीकडच्या."

"मंग चालते," ती म्हणाली, आणि सुईत दोरा ओवून द्यायला बसली.

चालत नाही, हे तिला ठाऊक, मलाही ठाऊक. पण मनात म्हटलं — त्यांचं सगळं आधीच गेलं, त्यांना आणखी काय लागणार! हे लिहायला नको होतं. लिहिलं.

१९ मे

राजूरची संगीता सिस्टर पिशवी न्यायला आली. तीही सुरभीच्याच बालगृहात निघाली आहे. एक गोधडी काढून गालाला लावली. "किती मऊ, मावशी. कशाची?"

"जुनं कापड आहे."

"जुनंच चांगलं असते," म्हणाली आणि पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतले. तिला वाटलं, मी लाजले. तसं म्हटलं तर खरंच.

२ जून

सलोनीच्या बाळाच्या दुपट्याला टाके घालत होते. सुई बोटात गेली. ठेवून दिलं.

२३ जून

सुरभीचा व्हिडिओ कॉल. फोन सलोनीने धरला होता. सुरभीच्या कडेवर एक लहान पोरगी, थोको नावाची. तिची आई बाळंतपणात गेली, बापाचा पत्ता नाही. डोळे नुसते टपोरे. अंगाभोवती माझी गोधडी.

"माय, हे पाह्य." सुरभीने गोधडीचा कोपरा पुढे धरला. हिरवा दोरा!

ह्यांच्या विडीने धोतराला भोक पडलं होतं. सुरभी तेव्हा पाचवीत. पांढरा दोरा सापडला नाही म्हणून तिने हिरव्याने रफू केलं. मी तिला केवढी बोलले होते. हे मात्र तेच धोतर नेसून ढाणकीच्या बाजाराला गेले, आणि भेटेल त्याला दाखवलं — "माह्या पोरीनं शिवलं."

तो रफू मी गोधडी शिवताना पाहिला होता. पाहून आत दुमडला होता. धुताना शिवण उसवली असेल.

"थोको या गोधडीले आगोगो म्हणते," सुरभी म्हणाली. "म्हणजे आजा. मी सांगितलं तिले, माह्या बाबाचं हाय. इथं आजीलेबी आगोगोच म्हणतात. दोघाईले एकच शब्द."

पोरगी फोनकडे बघून म्हणाली, "आगोगो."

मला की ह्यांना, कळलं नाही. चार्जिंग संपलं म्हणून फोन ठेवायला लावला. संपलं नव्हतं.

२४ जून

सलोनी भाकरी थापताना म्हणाली, "आई, तिकडच्या लेकराईले आजा भेटला. माह्या लेकराले काहून नाही?"

काय सांगू? गेलेल्याचं कापड बाळाला लावत नाहीत असं सांगितलं, तर त्या लेकरांना का लावलं ते सांगावं लागेल. मी चुलीत फुंकत बसले. चूल चांगली पेटलेली होती.

सुरभी पहिलीत होती तेव्हा तिच्या पुस्तकावरून मी अक्षरं शिकले. ती मोठ्याने वाचायची, मी भांडी घासता घासता ऐकायची. त्याच अक्षरांनी हे लिहिते आहे. हे असते तर त्यांना तोंडाने सांगितलं असतं. ते रागावले नसते. नुसतं माझ्याकडे बघितलं असतं.

२५ जून

मीच फोन लावला. सुरभीला सगळं सांगितलं. तानाबाईचं, माझं, मनात म्हटलं तेही. तिच्या मागे कोणाचं तरी लेकरू रडत होतं.

मग ती म्हणाली, "मले समजलं होतं, माय. पिशवी उघडून बाबाचं धोतर पाह्यलं त्याच दिवशी. मी काय दुसऱ्या घरची हाय?"

"मंग बोलली काहून नाही?"

"तुह्याशी बोलूच वाटेना. सगळ्या गोधड्या परत बांधून ठेवल्या होत्या. थोकोनं एक ओढून काढली अन् तिच्यातच झोपली. तिले काय सांगू — हे सोड, माह्या मायनं तुले वाईट समजून धाडलं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"जेवली काय?" तिने विचारलं. नेहमी विचारते तसंच. त्याचीच जास्त लाज वाटली.

२७ जून

काल पेटीतलं शेवटचं धोतर काढलं. सलोनीसाठी ठेवलेलं माझं लुगडं त्याच्यावर धरलं. एक टोक सलोनीला दिलं, एक मी धरलं, आणि दोन्ही मधोमध फाडली. धोतराला लुगडं जोडून दोन दुपटी शिवायला घेतली. तानाबाईने दारातूनच विचारलं, "याच्यातलं घरचं कोणतं अन् तिकडचं कोणतं?" ओळखू येऊ नये म्हणून मी दोन्हींना हिरवाच दोरा घातला.