रीठ्याचं पाणी आणि तळ्यातले मासे

लावेयान, सोलो

वडील बहीण म्बाक्यू कुसमिरा यांना धाकट्या तुमिनीचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला गेला का? इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. (मासे सोडून.)

आमच्या लेकीच्या, रेतनोच्या सोयरिकीसाठी तुम्ही आईचं नेसायचं बातिक दिलंत, त्याला कपाटाचा वास येत होता. त्याला साबण लावायची माझी काय छाती! रीतसर रीठे भिजवले, घुसळले. (एवढा फेस, की मांजर घाबरून माडावर चढलं.) बातिक लख्ख निघालं, रंग तसूभर हलला नाही. ते दोरीवर टाकलं आणि फेसाचं पाणी मागच्या तळ्यात ओतून दिलं. झाडाच्या फळाचं पाणी, माशांना काय करणार, असं मला आपलं वाटलं.

थोड्या वेळाने मुलाचे वडील पाक मार्तोनो बोलणी करायला आले. आमच्या ह्यांनी त्यांना कौतुकाने तळ्यावर नेलं. म्बाक्यू, काय सांगू! सगळे गुरामी मासे वर येऊन तोंडं वासून हवा गिळत होते! दोघे तर चक्क आडवे! मार्तोनो स्वतः मासे पाळणारे. "बघत काय बसलात?" म्हणत त्यांनी नव्या पँटीसकट तळ्यात उडी घेतली आणि मासे उचलून काठावरच्या टबात टाकायला लागले. (टब तोच हो, रीठ्यांचा!) तेवढ्यात शेजारची जुमिरा आजी कुंपणावरून ओरडली, "अगं बये, माझा बाप नदीत रीठे कुटून टाकायचा आणि मासे धरायचा! तो फेस कल्ल्यांत बसतो!" तीस वर्षं शेजारी राहते, आणि हे आज सांगते!

मला वाटलं, मोडलं लग्न. मी रडायलाच लागले. पण मार्तोनो चिखलात उभे राहून म्हणाले, "रडताय काय विहीणबाई, तळा आता!" तळले. सहा खाल्ले त्यांनी. सोयरीक पक्की झाली.

तुमची,
तुमिनी

ता. क. बातिकची काळजी नसावी. ते अगदी स्वच्छ आहे.

आणखी एक. मार्तोनो नखशिखांत भिजलेले, म्हणून ह्यांनी दोरीवर जे हाताला लागलं ते त्यांना नेसायला दिलं. तेच नेसून ते घरी गेले. आज विहीणबाईंचा निरोप आला, "मुलीच्या आजीचं बातिक व्याह्यांना नेसवलंत, केवढा मान केलात!" आता परत कोणत्या तोंडाने मागू? लग्नात ते मांडवभर तेच नेसून मिरवणार आहेत. म्बाक्यू, पाया पडते, तुम्ही ते ओळखू नका.