मधला काळा दगड मुलीला

मी, सुरुंगवाल्याची विधवा, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणी कान फुंकलेले नसताना हे मृत्युपत्र लिहिते. अक्षर वेडंवाकडं आहे, इच्छा सरळ आहे.

राहतं घर दोन्ही मुलांना अर्धं अर्धं. भिंती पाडू नयेत. त्यांचे चिरे ह्यांनी सुरुंगाच्या काळ्या दारूने काढलेत. ती दगडाला हळू ढकलते, म्हणून चिरा अख्खा सुटतो; जिलेटिनने चुरा झाला असता. ह्यांचा स्वभावही तसाच, ढकलणारा, फोडणारा नव्हे. ते गेल्यापासून ह्या घरात माझ्याशी हळू कोणी बोललेलं नाही.

बँकेतलं सगळं धाकट्या सुनेला. तिने पाय चेपले. थोरलीला जीभ मिळालेली आहे, ती पुरे.

खाण माझ्या नावावर आहे. ती मुलीला. मुलगे म्हणतील, म्हातारी चळली. तर बाबांनो, मधल्या टणक काळ्या दगडात तुम्ही स्वस्त पडतं म्हणून सुरुंगाला जिलेटिनऐवजी खत-डिझेलचं मिश्रण भरलंत. भोकांत पाणी होतं. माल भिजला, पिवळा धूर निघाला, दगड जागचा हलला नाही. मुलगी आधीच फोनवर सांगत होती, "दादा, ओल्या भोकात जिलेटिन भर, ते पाण्याला दबत नाही. खत-डिझेल कोरड्यात चालतं." थोरला म्हणाला, "तू तुझे बोगदे बघ."

ह्या थोरल्यानेच तिला घालवलं. "बाईने सुरुंग लावला तर मजूर येतील का?" म्हणे. आता ती परक्या डोंगरांत बोगदे फोडते. मजूर येतात.

अट एकच, मधला दगड तिने स्वतः उडवावा आणि येताना लेकीला आणावं. त्या नातीला मी फोनच्या काचेत पाहिलंय, मांडीवर नाही.

वकील म्हणाले, "आजी, मृत्युपत्र मेल्यावर उघडतात."

म्हटलं, "मेल्यावर ती आली तर मला काय उपयोग? मला धडाका ऐकायचाय."

म्हणून नक्कल आजच तिला जाईल. मधल्या काळात वरचं बोलावणं आलंच, तर त्याला ओट्यावर बसवून ठेवीन.

साक्षीदार:
१. खाणीचा मुकादम (सही)
२. शेजारची शिंपीण (सही. काही ठेवलं नाही म्हणून फुरंगटून केली, पण केली.)

लिहून ठेवणार: मी स्वतः (सही)
ठिकाण: खाणीकडे खिडकी असलेली मागली खोली
दिनांक: आज, सोमवार. नक्कल दुपारच्या टपालाने गेली. मागल्या खोलीत दोन अंथरुणं घालून ठेवली आहेत, एक छोटं.