बोताचं काय करतात

बाबा, तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे राहून गेलंय. तू जाऊन इतकी वर्षं झाली, आणि रडू वगैरे काही येत नाही. आत सगळं बधिर आहे. पण ते उत्तर तुझं आहे, म्हणून लिहायला बसलोय.

तारापूरच्या कारखान्यात रंगांचा कच्चा माल चीनहून यायला लागला, तेव्हा शेटनी मला दर शनिवारी मुंबईला एका म्हाताऱ्या चिनी बाईंकडे भाषा शिकायला धाडलं. बाई भाषेपेक्षा रीतच जास्त शिकवायच्या. कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं. भेट दिली की पाहुणा दोनदा नको म्हणणार, तिसऱ्यांदा घेणार, म्हणून देणाऱ्यानं आग्रह सोडायचा नाही. सातपाटीला घरी मी पडवीत बसून चिनी शब्दांचे चढउतारांचे सूर घोकायचो आणि तू जाळं शिवताना हसायचास. म्हणायचास, भांडतोस कुणाशी? मग एकदा सुई थांबवून तू म्हणालास, "ती लोकं आपल्या बोताचं करतात तरी काय, एवढं इचार." घोळ माशाच्या पोटातली ती पिशवी तू जन्मभर काढलीस, धुतलीस, वाळवलीस. व्यापारी ती चीनकडे पाठवतो एवढंच तुला ठाऊक. पुढचं त्यालाही ठाऊक नव्हतं, की तो सांगत नव्हता, कोण जाणे. मी म्हटलं, विचारतो.

माल पाठवणारा चिनी पाहुणा शेटबरोबर बोईसरच्या हॉटेलात जेवायला आला त्या दुपारी वॉचमन आत येऊन म्हणाला, "साहब, आपके गाँव से कोई आया है।" वडील आहेत, असं मी त्याला सांगितलं नाही. गेटवर तू उभा. धुतलेला सदरा, हातात पांढऱ्या फडक्यात बांधलेलं बोत, घरातलं सगळ्यात मोठं. म्हणालास, "पाव्हण्याला दे. आन् इचार." मी म्हटलं, "आज नको बाबा. वास येतोय." तू "बरं" म्हणालास आणि एसटीच्या थांब्याकडे चालू लागलास. दुसऱ्यांदा म्हणाला नाहीस. आपल्यात कुठं असतं तसं? एकदा नको म्हटलं की नकोच.

आत शेट त्या पाहुण्याला चंदनाची पेटी देतायत. तो नको म्हणतो. शेट बिचारे ओशाळून पेटी मागे घ्यायला लागतात, तर मी त्यांच्या कानाशी लागून सांगतो, द्या, पुन्हा द्या, त्यांची रीत आहे. तिसऱ्यांदा तो उठून दोन्ही हातांनी घेतो. शेट माझ्या पाठीवर थाप मारतात. जेवताना पाहुण्यानं माझं गाव विचारलं. समुद्रकाठचं म्हटल्यावर त्यानं स्वतःहूनच त्या माशाचं काढलं. त्याच्या आईनं लग्नात मिळालेलं एक बोत डब्यात जपून ठेवलं होतं म्हणे. इथं मिळेल का एखादं, असं विचारलंन. मी म्हटलं, बघतो. एसटीला अजून अर्धा तास होता. थांबा खिडकीतून दिसत होता, आणि तूही. मी भात वाढून घेतला.

त्यानंतर तू दोन वर्षं होतास. रोज समोरासमोर जेवलो. मासळीचं बोललो, आईच्या गुडघ्यांचं बोललो. बोताचं त्या पाहुण्याकडून कळलेलं सांगायचं तर त्या दुपारी मला तुझी लाज वाटली होती, तेही सांगावं लागलं असतं. शेटनी पुढं माझा पगार वाढवला, मला चीनला दोनदा पाठवलं. बोत आईनं माळ्यावर ठेवलं होतं, अजून तिथंच आहे.

बाळंतिणीला देतात, बाबा. कोंबडीच्या रश्शात दिवसभर शिजवून, अंगात ताकद यावी म्हणून. डब्यातलं ते बोत त्या पाहुण्याच्या बहिणीला दिलं होतं, जेवतानाच म्हणाला तो. एवढंच. हा कागद मी माळ्यावर त्या फडक्यातच ठेवीन. आजवर मी स्वतःला सांगत आलो, तू आणखी एकदा विचारलं असतंस तर सांगितलं असतं. खरं तर विचारायला विसरलो म्हणालो असतो.