टबभर ओली चिकणमाती मिळण्याबाबत

प्रति,
मा. नियंत्रक,
सुरुंगशोधक उपकरणे चाचणी कार्यालय

विषय : अँटेनाच्या चाचणीसाठी सुरुंगांच्या शेतातली माती मिळणेबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे सर्व अर्ज व त्यांवरील आपले एकच उत्तर.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की, सुरुंग हुडकणारे पथक जे हातयंत्र वापरते, त्याच्या टोकाची थाळीएवढी अँटेना मी आखली आहे. ती जमिनीत लहरी सोडते आणि परत येणारा प्रतिसाद टिपते. आपल्या अंगणातल्या कोरड्या वाळूत ती उत्तीर्ण झाली. पथक उतरते त्या शेतातल्या ओल्या चिकणमातीत मात्र लहरी मुरून जातात आणि ती ठार बहिरी होते. पथकात तिला 'म्हातारी' म्हणतात. हे नाव माझ्या धाकट्या भावानेच ठेवले. तो त्याच पथकात होता.

२. सुट्टीवर आला असताना जेवता जेवता तो म्हणाला, "ताई, तुझ्या म्हातारीला आमची माती चाखव, नाहीतर ती आम्हालाच माती चारेल." मी हसले आणि दुसऱ्या दिवशी अर्ज केला.

३. आपण कळवलेत की, नमुना फक्त सुरुंगमुक्त घोषित जागेतूनच घेता येईल. आता शेत सुरुंगमुक्त व्हायला म्हातारीला ऐकू यायला हवे, आणि तिला ऐकू यायला त्या शेताची माती हवी. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, त्यातली गत. दुसरीकडची चिकणमाती आणून चाचणी घेतली, तर ती 'नियमात नाही' म्हणून बाद झाली. आपल्या कारकुनांनी समजावले की, वाळू काय अन् माती काय, जमीन ती जमीनच.

४. गेल्या आठवड्यात भावाच्या पायाखाली सुरुंग फुटला. यंत्र शेवटपर्यंत गप्प होते. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. अहवालात कारण 'वापरकर्त्याचा निष्काळजीपणा' असे आहे. दवाखान्यात तोच माझी समजूत घालतो, ते मला सोसवत नाही. बाकीचे पथक आजही तीच म्हातारी घेऊन त्याच शेतात उतरले आहे.

५. आपला नियम मी पुन्हा वाचला. भावाने पाय ठेवला तिथे आता सुरुंग उरलेला नाही. म्हणजे तेवढी जागा नियमाप्रमाणे मुक्त झाली. सबब तिथली माती उचलण्याची परवानगी मिळावी. टबभर सहज निघेल. खड्ड्याचे माप आपल्याच अहवालात आहे.

उत्तराची आशा आता फारशी उरलेली नाही, तरी अर्ज दप्तरी दाखल व्हावा, ही विनंती.

आपली नम्र,
आरेखक, अँटेना विभाग
दिनांक : आपला शिक्का बसेल तो

सोबत :
१. अँटेनाचे आरेखन
२. अपघात अहवालाची प्रत
३. भावाच्या डाव्या बुटाची माती, चिमूटभर