हेदरबर्नवरच आहे

साउथ शील्ड्स,
३ डिसेंबर १९१२

ती. अ‍ॅग्नेसवन्संना हेस्टरचा शि. सा. न. वि. वि.

कालच्या पेपरात तुम्ही वाचलंच असेल. 'सेंट ऑडन' सत्तावीस तारखेला बिस्केच्या उपसागरात बुडाली, एकही माणूस हाती लागला नाही. नाव वाचून मला काहीच वाटलं नाही. मग शेजारच्या मर्सीची किंकाळी ऐकली आणि लक्षात आलं, अहो, ही तर आपली जुनी 'हेदरबर्न'! मालकांनी ती ऑगस्टात विकली, घेणाऱ्याने नाव बदललं, आणि 'हेदरबर्न' हे नाव मालकांनी आपल्या कोऱ्या बोटीला दिलं. मर्सीचा नवरा राल्फ विकलेल्या बोटीबरोबर गेला, तुमच्या भावाची नेमणूक नव्या बोटीवर. बॅरीहून निघताना ह्यांनी लिहिलंय, मी हेदरबर्नवरच आहे, काळजी नसावी. देवाचीच कृपा.

तुम्हाला म्हणून सांगते, वन्सं. ती बोट इथेच टाइन नदीवर बांधली, १९०३ साली. तिचं इंजिन ह्यांनी बसवलं, आणि त्याच वर्षी आमचं लग्न. नऊ वर्षं ती कोळसा घेऊन जायची, गहू घेऊन यायची, आणि माझा नवरा तिच्या पोटात. मी तिला सवतच म्हणायचे. सवत गेली म्हणून क्षणभर बरं वाटलं, आणि लगेच स्वतःची शरम वाटली. तेवीस माणसं होती हो तिच्यावर! मर्सीकडे सूप आणि पाव नेऊन दिला. माझ्या गळ्यात पडून रडली बिचारी.

माया आहे तशीच राहू द्या.

तुमची हेस्टर


बॅरी,
६ डिसेंबर १९१२

चि. सौ. हेस्टर हिला अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही. निघायच्या आधीच्या रविवारी कथबर्ट आमच्याकडे जेवायला होता. ताटातलं मटण गार होतंय आणि ह्याची टकळी चालूच. हेदरबर्नचा पंप म्हणे माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही, बॉयलरला ठिगळ आहे ते जपावं लागतं. मी थट्टेत म्हटलं की बायकोचं कौतुक एवढं करत नाहीस. तर कान लाल झाले त्याचे!

आता वाटतं, कोऱ्या बोटीच्या बॉयलरला ठिगळ कुठून आलं? की जुन्या आठवणी सांगत होता? माझं तर डोकंच चालेना. आमचे हे गोदीच्या कचेरीत खलाशांची यादी बघून येतो म्हणतात. तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझी नणंद पहिल्यापासूनच शंकेखोर आहे.

तुझी अ‍ॅग्नेस


साउथ शील्ड्स,
९ डिसेंबर १९१२

ती. वन्संना शि. सा. न.

आज मर्सीला राल्फचं पत्र आलं. लिस्बनहून, तीस नोव्हेंबरचं. बोट तर सत्तावीसला बुडाली. मी तिला समजावलं की तारीख चुकली असेल, टपालात घोळ झाला असेल, उगाच आशा धरू नकोस. मग पत्र मीच वाचलं. तो लिहितो की इंजिन इतकं नवं आहे की रंगाचा वास जात नाही. आणि लिहितो, कथबर्टने घरी कळवलंच असेल, म्हणून मी निघताना वेगळं लिहिलं नाही.

काय कळवलं असेल, वन्सं? मला तर काहीच कळवलेलं नाही. मी ते तीनदा वाचलं. मर्सी आधी हसली, मग माझ्याकडे बघायचंच टाळू लागली. भाओजींना यादीत काय दिसलं ते कळवा. जे असेल ते कळवा.

हेस्टर


बॅरी,
११ डिसेंबर १९१२

चि. हेस्टर,

'सौ.' लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. पोरी, ह्यावरून समज.

दोन्ही बोटी इथल्याच गोदीत होत्या. निघायच्या आदल्या दिवशी दोघांनी कप्तानांच्या परवानगीने अदलाबदल केली. राल्फ नव्या बोटीवर, आपला कथबर्ट जुन्या. नव्या मालकाकडे आधीचीच यादी गेली, म्हणून तुला तार आली नाही. कारकुनाने कथबर्टला बोटीचं नाव सुधारून सांगितलं, तर हा म्हणाला की नाव बदललं म्हणून बोट बदलते का. त्याच्या लेखी हेदरबर्न एकच होती. तो तुझ्याशी खोटं बोलला नाही गं.

माझ्या समोर बसून त्याने सगळं सांगितलं, आणि मी त्याच्या ताटात बटाटे वाढत राहिले.

उद्याच्या गाडीने निघते. दार लावून एकटी बसू नकोस.

अ‍ॅग्नेस


साउथ शील्ड्स,
१७ फेब्रुवारी १९१३

ती. वन्संना शि. सा. न. वि. वि.

तुम्ही गेल्यापासून घर फार मोठं वाटतं. नवी हेदरबर्न गेल्या आठवड्यात इथे कोळसा भरायला आली. राल्फ तीन दिवस माझ्या दारापर्यंत यायचा आणि परत फिरायचा. चौथ्या दिवशी मीच त्याला आत बोलावलं. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला की कथबर्टने तीनदा विचारलं, दोनदा मी नाही म्हटलं. त्याचा राग यावा म्हणून मी वाट बघत होते, तो येईना. आला तो ह्यांचाच, आणि मग रडू आलं. राल्फने विचारलं की मी बोट सोडू का. मी म्हटलं की वेड्यासारखं करू नकोस, पोट कशावर भरणार?

आज दुपारच्या भरतीला ती निघाली. मर्सीला धक्क्यावर एकटीने जाववेना, म्हणून मी सोबत गेले. राल्फने कठड्यापाशी येऊन टोपी हलवली. मर्सी तोंड झाकून उभी, म्हणून मीच हात हलवला. कुणासाठी ते मलाच कळेना. बोट दिसेनाशी झाली, मर्सी घरी चल म्हणाली, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की हात अजून वरच आहे.

आठवण काढत जा.

तुमचीच,
हेस्टर