बाकावरची रिकामी जागा

सोमवार, ३

लिहीन लिहीन म्हणत इथे आल्यापासूनचे सगळे दिवस असेच घालवले. वही होती, पेन होतं, नव्हती ती एका जागी बूड टेकवायची सवय.

तर मी आत्याकडे आलोय. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. मी कुकुलं बाळ असताना तिने मला पाहिलं होतं, तेवढंच. पण दारात बघताक्षणी हनुवटी धरून, अगं बाई, अगदी आमच्या घरातलं नाक, असं तिने सगळ्या जिन्याला ऐकू जाईल एवढ्याने जाहीर केलं. खाली आतेभावाचं फोटो फ्रेमचं दुकान, वर दोन खोल्या. त्यातली खिडकीची मला. दिवसभर खालून काच कापल्याची करकर येते. मला आवडते ती. काल नुसता काच कशी कापतात ते बघत बसलो आणि आंघोळ राहिली.

शाळा अर्धवट सोडली, नोकऱ्या धरल्या नि सोडल्या. घराण्याचा शोध हा एकच छंद टिकलाय. मोठ्या कागदावर वंशवृक्ष काढतोय, आतेभाऊ तो मढवून देणार आहे.

भिंतीवर आजोबांचा फोटो आहे. लांबलचक बाक, आजोबा एका कडेला अंग चोरून बसलेले, शेजारची जागा रिकामी. तिथे कोण बसायचं होतं, हे आत्याला लहानपणापासून पडलेलं कोडं. म्हणाली, बाळा, माझे डोळे मिटायच्या आत तेवढं शोधून दे. मी म्हटलं, दिलंच म्हणून समज.

गुरुवार, ६

आजोबांच्या जुन्या वस्तीत त्यांच्या हाताखाली काम केलेला एक म्हातारा गवंडी आहे. तो नक्की सांगेल म्हणून सकाळीच निघालो. वाटेत एक ट्रक चरात कलंडला होता. क्रेन आली, दोर तुटला, माणसं जमली. बसमधून उतरलो. मग मीही दोर ओढला, एकदोघांना सल्लेही दिले. ट्रक निघाला तेव्हा ऊन उतरलं होतं. गवंडी राहिला तिकडेच.

परतलो तर आत्या चष्मा लावून, खुर्ची दाराकडे वळवून बसलेली. आतेभावाने विचारलं, काय रे संशोधक, हाती काही लागलं की नुसतीच पायपीट?

आणि मी थाप मारली. आजोबांना एक धाकटा भाऊ होता. झाडावरून पडून डावा पाय कायमचा अधू, पुढचा दात अर्धा तुटका, त्यातून शीळ घालायचा. घरात पाय ठरायचा नाही. आजोबांशी वाजलं, निघून गेला, पुन्हा आला नाही.

आत्या रडली. माझे काका, माझे काका, म्हणत माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. माझ्या हातून आजवर कुणाचं काही भलं झालेलं नाही. लाजेने कान तापले होते, तरी थाप मागे घेतली नाही. जेवलोही पोटभर.

रविवार, ९

आज खरं सांगायचं ठरवून तिच्यापाशी बसलो. तोंड उघडायच्या आत तीच बोलायला लागली. काका तिला खांद्यावर घ्यायचे म्हणे. लंगडत चालायचे, त्यामुळे वर बसून बोटीत बसल्यासारखं वाटायचं, म्हणे. किती हसली.

जो नव्हताच, त्याच्या खांद्यावर ती कशी बसली असेल?

आतेभावाने काच पुसायला फोटो उतरवला. रिकाम्या जागेच्या टोकाला एक हात दिसतोय, गुडघ्यावर ठेवलेला. मी दाखवला तर म्हणाला, अरे पहिल्यापासून आहे, तूच कधी धड बघितलं नाहीस. असेल. माझा स्वभावच तसा.

बुधवार, १२

फोटोत आता पूर्ण माणूस आहे. डावा पाय ताठ पुढे. चेहरा पुसट.

दुपारी दोघांना बसवून सगळं सांगून टाकलं. ट्रक, क्रेन, थाप, सगळं. पाया पडलो. आत्या रागावली नाही. मुलाकडे बघून हसली आणि म्हणाली, यांचं हे असंच, नेहमीचं. अंगाशी आलं की नवीन गोष्ट रचायची.

नेहमीचं? आणि — यांचं?

जिना उतरताना डावा गुडघा लचकला.

शनिवार, १५

बिस्कीट खाताना पुढचा दात तुटला. अर्धाच.

पायाखाली घ्यायला आत्याने स्टूल आणून दिलं, मी न मागता. आतेभाऊ परवापर्यंत अरे म्हणायचा. आज म्हणाला, अहो, उन्हात बसू नका. चेष्टा करतोस का म्हणून ओरडलो. घाबरून उठून उभा राहिला, वडीलधाऱ्यासमोर राहतात तसा.

बाबांना फोन केला. आवाज ओळखला नाही. कोण बोलतंय म्हणाले — सांगायला गेलो तर दातातून नुसती शीळ —

सोमवार, १७

वंशवृक्ष मढवून भिंतीवर लागलाय. आजोबांशेजारी माझ्याच अक्षरात धाकटा भाऊ. बाबांच्या खाली, जिथे मी होतो — कोरं.

आत्या आता काका म्हणते. पांढऱ्या केसांची बाई, मला. मी ओ देतो. तिला किती बरं वाटतं ते बघून — ओ देतो. लाज वाटते. तरी देतो.

मंगळवार

फोटोतला चेहरा आज स्पष्ट —

खाली बेल. आज कुणी यायचं नव्हतं. आत्या दारात गेली. हसतेय. आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल एवढ्याने — अगं बाई, अगदी आमच्या घरातलं नाक —

तरुण आवाज. सांगतोय, घराण्याचा शोध घेण्याचा छंद आहे. माझा आवाज. माझा.

आत्या म्हणतेय, मग बाळा, आधी काकांनाच भेट, त्यांना सगळं ठाऊक आहे — वर येतायत — याला तरी खरं सांगायला हवं, की मी कुणीच नाही, ट्रक बघत बसलो म्हणून — दार उघडलं. माझीच पिशवी खांद्याला. किती आनंदात आहे तो. वाकून विचारतोय, तुम्ही खरंच आजोबांचे —

आत्या माझ्याकडे बघतेय. मी मान —